समांतर रेषा काढण्याआधी: ऑटोकॅडमधली माझी पद्धत

माझ्याकडे कोणी नवीन ड्राफ्टिंग शिकायला आलं की पहिल्याच दिवशी मी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, स्क्रीनवर एक तिरकी रेषा काढून देते, आडव्याशी ३० अंशांचा कोन करणारी. मग सांगते, हिला २०० मिलिमीटरवर समांतर रेषा काढ. बरेच जण कॉपी कमांड घेतात, ऑर्थो (कर्सरला फक्त आडवंउभं सरकू देणारी सोय) चालू करतात, रेषा उजवीकडे सरकवतात आणि २०० टाकून एंटर मारतात. नवी रेषा समांतर दिसते, आणि ती असतेही. पण दोन रेषांमधलं अंतर मोजायला सांगितलं की १०० येतं, आणि समोरचा माणूस गप्प होतो.

समांतर रेषांमधलं अंतर लंब दिशेने मोजायचं असतं, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं आणि माउस हातात आला की निसटतं. ३० अंशांची रेषा आडवी २०० सरकवली तर लंब अंतर निम्मंच भरतं. उभी सरकवली तर १७३.२ भरतं. कॉपीने रेषेची दिशा जपली, अंतर जपलं नाही. आडव्या किंवा उभ्या रेषांवर ही चूक कधी उघडी पडत नाही. म्हणून तिची सवय लागते, आणि पहिल्या तिरक्या भिंतीवर ती भोवते.

मी ड्रॉइंग बोर्डावर शिकले. तिथे समांतर रेषेसाठी दोन गुण्ये लागायचे. एक डाव्या हाताने घट्ट दाबून धरायचा, दुसरा त्याच्या कडेला टेकवून सरकवायचा. अंतर मात्र वेगळं, कर्कटकात पकडून रेषेला लंब मोजायचं. दिशेसाठी एक साधन, अंतरासाठी दुसरं. कॅडमध्येही कामं तीच दोन आहेत, फक्त कमांड बऱ्याच आहेत. त्यामुळे कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी मी स्वतःला विचारते: मला या नव्या रेषेबद्दल नक्की काय माहीत आहे? अंतर माहीत आहे, की ती कुठल्या बिंदूतून जाते ते माहीत आहे, की फक्त दिशा? उत्तर मिळालं की कमांड आपोआप ठरते.

अंतर माहीत असेल तर ऑफसेट

रोजच्या कामात बहुतेक वेळा अंतर माहीत असतं. भिंतीची जाडी, रस्त्याची रुंदी, पाइपचा व्यास. अशा वेळी ऑफसेट, म्हणजे दिलेल्या लंब अंतरावर समांतर रेषा काढणारी कमांड. कमांड लाइनवर फक्त ‘ओ’ हे अक्षर टाइप करून एंटर मारा. अंतर विचारलं जाईल, २०० टाका, एंटर. मग मूळ रेषेवर क्लिक करा आणि ज्या बाजूला नवी रेषा हवी त्या बाजूला कुठेही क्लिक करा. कुठेही म्हणजे खरंच कुठेही. हा दुसरा क्लिक फक्त बाजू सांगतो, अंतराशी त्याचा संबंध नाही. नवखी मुलं इथे कर्सर अगदी नेमक्या जागी न्यायला धडपडतात, त्याची गरज नाही. झालं की पुन्हा एंटर मारून बाहेर पडा.

आता थोडं थांबून एक सवय लावून घ्या. ऑफसेट सुरू केल्यावर अंतर विचारण्याच्या आधी कमांड लाइनवर एक ओळ उमटते: मूळ रेषा पुसायची की ठेवायची, नवी रेषा कुठल्या लेयरवर (ड्रॉइंगमधल्या थरावर) जाईल, आणि कोपरे कसे जोडले जातील. ही ओळ वाचा. ती न वाचल्यामुळे माझी सेंटर लाइन, म्हणजे भिंतीची मध्यरेषा, गायब झालेली आहे. आदल्या ड्रॉइंगसाठी ‘इरेज’ हा पर्याय मी ‘होय’ करून ठेवला होता आणि तो तसाच लागू राहिला. प्रत्येक ऑफसेटबरोबर मूळ रेषा पुसली जात होती आणि मला ते चार भिंती झाल्यावर कळलं.

लेयरचा पर्याय मात्र मी मुद्दाम वापरते. तसं सांगितलं नाही तर नवी रेषा मूळ रेषेच्याच लेयरवर पडते. सेंटर लाइनवरून भिंतीच्या कडा काढल्या तर त्या कडाही सेंटर लाइनच्या लेयरवर, त्याच तुटक रेषेत येतात, आणि मग एकेक निवडून लेयर बदलत बसावं लागतं. त्याऐवजी भिंतीचा लेयर चालू करा, ऑफसेटमध्ये ‘एल’ टाकून ‘करंट’ निवडा, मग १०० अंतर देऊन सेंटर लाइनच्या दोन्ही बाजूंना एकेक क्लिक करा. भिंतीच्या दोन्ही कडा थेट योग्य लेयरवर येतात. काम संपल्यावर पर्याय पुन्हा ‘सोर्स’वर आणून ठेवा.

समान अंतरावर तीन-चार रेषा हव्या असतील तर रेषा निवडल्यावर ‘एम’ टाका, म्हणजे ‘मल्टिपल’. मग प्रत्येक क्लिकला एक नवी रेषा, आधीच्या नव्या रेषेपासून तेवढ्याच अंतरावर. पण जिन्याच्या पंधरा पायऱ्या अशा क्लिक करत काढायला गेलात तर मोजणी चुकणार. तिथे मी कॉपीमधला ‘अॅरे’ पर्याय घेते आणि एकूण संख्या देते. या संख्येत मूळ रेषाही धरलेली असते, हे ध्यानात ठेवा. आणि सुरुवातीचा धडा इथेही लागू आहे: जिना तिरका असेल तर सरकवण्याची दिशा पायरीच्या रेषेला लंब हवी. फरशीसारखं शेकडो रेषांचं काम असेल तर ऑफसेट नको, अॅरेही नको. हॅचमध्ये (जागा रेषांनी भरणाऱ्या कमांडमध्ये) ‘यूझर डिफाइन्ड’ प्रकार घ्या, कोन आणि रेषांमधलं अंतर द्या, दोन्ही दिशांना हव्या असतील तर ‘डबल’ करा.

बिंदू माहीत असेल तर

कधी अंतर माहीतच नसतं. ही नवी भिंत त्या भिंतीला समांतर आणि या खांबाच्या कोपऱ्यातून, एवढंच सांगितलेलं असतं. काही जण आधी अंतर मोजतात, कागदावर उतरवतात आणि तो आकडा ऑफसेटमध्ये टाकतात. हे करू नका. स्क्रीनवर दिसणारा आकडा दशांशात कापलेला असतो आणि तुम्ही कापलेला आकडा टाकता, म्हणून रेषा कोपऱ्याच्या जवळून जाते, कोपऱ्यातून नाही. झूम करून पाहिलं की फट दिसते.

ऑफसेटमध्ये अंतराच्या जागी ‘टी’ टाका. मग रेषा निवडा आणि खांबाचा कोपरा ‘एंडपॉइंट’ स्नॅपने (कर्सर नेमका टोकावर बसवणाऱ्या सोयीने) पकडा. नवी रेषा मूळ रेषेइतक्याच लांबीची येते, तिच्या बरोबर समोर. त्यामुळे खांब रेषेच्या टोकापलीकडे असेल तर नवी रेषा खांबाला प्रत्यक्ष भिडलेली दिसणार नाही. कमांड चुकली असं समजू नका. रेषा वाढवली की ती नेमकी त्याच कोपऱ्यातून जाते. एक्सटेंड वापरा किंवा टोकाची निळी ग्रिप (रेषा निवडल्यावर दिसणारा छोटा चौकोन) ओढा. ग्रिप ओढताना रेषेची दिशा बदलू देऊ नका. आडव्याउभ्या रेषेला ऑर्थो पुरेसं आहे, तिरक्या रेषेला ‘एक्सटेन्शन’ स्नॅप.

फक्त दिशा माहीत असेल तर

दोन गुण्यांची आठवण करून देणारं साधन म्हणजे ‘पॅरलल’ नावाचा ऑब्जेक्ट स्नॅप. लांबी वेगळी हवी असेल, सुरुवातीचा बिंदू ठरलेला असेल आणि दिशा तेवढी दुसऱ्या रेषेकडून घ्यायची असेल, तिथे तो हवाच. पण याच्याइतका वैताग दुसऱ्या कुठल्या स्नॅपने दिलेला मी पाहिला नाही, कारण तो वापरायची रीत बाकी सगळ्या स्नॅपपेक्षा वेगळी आहे.

लाइन कमांड सुरू करा, पहिला बिंदू द्या. आता पी, ए, आर ही तीन अक्षरं टाइप करून एंटर मारा. मग कर्सर त्या मूळ रेषेवर न्या आणि क्षणभर थांबा. क्लिक करायचं नाही. रेषेवर दोन तिरक्या छोट्या रेघांची खूण उमटली की सॉफ्टवेअरने दिशा घेतली. तिथून कर्सर परत आणा आणि नवी रेषा साधारण समांतर होईल अशा जागी फिरवा. दिशा जुळली की एक ठिपक्यांची वाट दिसते आणि मूळ रेषेवर ती खूण पुन्हा उजळते. वाट दिसत असतानाच लांबी टाइप करा, समजा २४००, आणि एंटर. जवळजवळ प्रत्येकाचं कुठे चुकतं? सवयीने मूळ रेषेवर क्लिक होतो, आणि रेषा भलत्याच ठिकाणी संपते. दुसरी अडचण ऑर्थोची. ते चालू असेल तर कर्सर आडव्याउभ्यातच अडकतो, म्हणून आधी एफ८ दाबून बंद करा. आणि पहिला बिंदू दिल्याशिवाय हा स्नॅप काम करत नाही.

‘पॅरलल’ कायमच्या स्नॅपच्या यादीत चालू ठेवू नका, असं माझं मत आहे. गर्दीच्या ड्रॉइंगमध्ये कर्सर जिथे जाईल तिथली रेषा तो पकडतो आणि नको तिथे वाट दाखवत राहतो. लागेल तेव्हा टाइप करावा.

एकाच दिशेच्या अनेक रेषा अनेक बिंदूंतून काढायच्या असतील, तर एक्सलाइन अधिक चांगली. ‘एक्स-एल’, एंटर, मग ‘ए’ म्हणजे कोन, मग ‘आर’ म्हणजे संदर्भ. मूळ रेषा निवडा, कोन शून्य द्या. आता जितक्या बिंदूंवर क्लिक कराल तितक्या अनंत लांबीच्या समांतर रेषा. मी त्या एका वेगळ्या लेयरवर काढते, हव्या तेवढ्या ट्रिम करून, म्हणजे कापून, घेते आणि उरलेल्या काम झाल्यावर पुसते.

आणि अख्खा भागच तिरका असेल, म्हणजे इमारतीची एक बाजू २७ अंशांनी वळलेली असेल, तर प्रत्येक रेषेसाठी ‘पॅरलल’ शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं. तिथे यूसीएस कमांडने अक्षच फिरवा. ‘यूसीएस’, एंटर, ‘ओबी’, एंटर, तिरकी रेषा निवडा. ज्या टोकाजवळ क्लिक केलं तिथे मूळ बिंदू येतो आणि एक्स अक्ष त्या रेषेवर झोपतो. मग ‘प्लॅन’ देऊन एंटर मारत गेलात की तिरका भाग स्क्रीनवर सरळ उभा राहतो आणि ऑर्थो लावून आडव्याउभ्या रेषा काढता येतात. परत यायला ‘यूसीएस’, ‘डब्ल्यू’, आणि पुन्हा ‘प्लॅन’. दिवसभराचं काम तासाभरात होताना मी पाहिलं आहे.

कोपरे आणि वळणं

खोलीच्या चार भिंती चार सुट्या रेषांनी काढल्या आणि प्रत्येक बाहेर २०० ऑफसेट केली, तर बाहेरचे चारही कोपरे उघडे राहतात. आत केली तर रेषा एकमेकींना ओलांडतात. ऑफसेट करण्याआधी जॉइन कमांडने चारही रेषांची एक पॉलिलाइन (तुकडे जोडून झालेली एकच सलग रेषा) करा. मग एकाच क्लिकला पूर्ण चौकट येते, कोपऱ्यांसकट. रेक्टँगल कमांडने काढलेला आयत मुळातच पॉलिलाइन असतो. सुट्या रेषा आधीच ऑफसेट करून बसला असाल तर फिलेट (दिलेल्या त्रिज्येने कोपरा गोल करून जुळवणारी कमांड) घ्या आणि शिफ्ट दाबून धरत कोपऱ्याची दुसरी रेषा निवडा. त्रिज्या काहीही असली तरी कोपरा टोकदार जुळतो.

आता वळणं. सरळ रेषेत कॉपीने निदान दिशा तरी राहते. वळणात काहीच राहत नाही. रस्त्याच्या वळणाची एक कड चापाने काढली आणि दुसरी कड तिची कॉपी करून ३००० बाजूला सरकवली, तर दोन्ही चाप अगदी सारखे दिसतील आणि रस्ता मात्र मधे रुंद आणि टोकांकडे अरुंद होईल. सरकवण्याच्या दिशेपासून वळण ६० अंश फिरलं की रुंदी साधारण १५०० वर येते, म्हणजे निम्मी. रेल्वेचे दोन रूळ एकाच त्रिज्येचे असून चालणार नाहीत, तसंच हे. समांतर वळणाचं केंद्र तेच राहतं आणि त्रिज्या बदलते. ऑफसेट हे आपोआप करतो: ५००० त्रिज्येचा चाप ३००० बाहेर ऑफसेट केला की ८०००, आत केला की २०००. आत ६००० मागितला तर तो करता येत नाही असंच उत्तर मिळेल, आणि ते बरोबर आहे, कारण तिथे वळणच उरत नाही.

लंबवर्तुळ ऑफसेट केल्यावर नवा आकार स्प्लाइन (मुक्त वक्र) होतो. याची पुष्कळांना काळजी वाटते. पण लंबवर्तुळापासून सगळीकडे सारख्या अंतरावर असणारा वक्र स्वतः लंबवर्तुळ नसतो. तसं नाव त्याला दिलं असतं तरच ते खोटं ठरलं असतं.

समांतर रेषांचा एक उपयोग मला मनापासून आवडतो. यंत्राच्या भागात लांबट खाच काढायची असते, दोन्ही टोकं अर्धगोल. दोन समांतर रेषा काढा, फिलेट घ्या, त्यांच्या एका टोकाजवळ एकेक क्लिक करा. त्रिज्या द्यायची गरजच नाही. दोन रेषांमधलं अंतर हाच व्यास धरून नेमका अर्धगोल बसतो. दोन्ही टोकांना केलं की खाच तयार. रेषांची लांबी वेगळी असेल तर आधी निवडलेल्या रेषेचं टोक प्रमाण धरलं जातं, म्हणून बरोबर लांबीची रेषा आधी निवडा.

मल्टिलाइनबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात. ‘एम-एल’ने एकाच वेळी दोन समांतर रेषा ओढता येतात. मूळ ‘स्टँडर्ड’ शैलीत त्यांच्यात एक एकक अंतर असतं, म्हणून स्केल २०० दिलं की २०० ची भिंत मिळते. जस्टिफिकेशन ‘झीरो’ ठेवलं की कर्सर भिंतीच्या मध्यावर चालतो. पटकन आराखडा मांडायला छान. पण मल्टिलाइनला ऑफसेट चालत नाही आणि तिच्या कोपऱ्यांसाठी वेगळी कमांड शिकावी लागते, त्यामुळे मी ती फारशी वापरत नाही.

समांतर ठेवायच्या असतील तर

आतापर्यंतच्या सगळ्या रेषा काढताना समांतर होत्या, पण नंतर कोणी एक फिरवली तर दुसरीला त्याचा पत्ता नसतो. नातं टिकवायचं असेल तर पॅरामेट्रिक टॅबमधलं ‘पॅरलल’ बंधन घाला. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत ‘स्केचपॅड’ हे संगणकावर रेखाटनाचं सॉफ्टवेअर तयार केलं, तेव्हाही लाइट पेनने ढोबळ रेषा काढून मग या दोन समांतर असू देत असं संगणकाला सांगता येत होतं. ऑटोकॅड १९८२ मध्ये आलं, पण त्यात ही सोय मिळायला २०१० ची आवृत्ती उजाडावी लागली.

इथे निवडण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी निवडलेली रेषा जागेवर राहते, नंतरची फिरते. तिला इतर रेषा नुसत्या टेकलेल्या असतील, बंधनाने जोडलेल्या नसतील, तर सांधे उघडे पडतात. शिवाय हे बंधन फक्त दिशा धरून ठेवतं. अंतरही बांधायचं असेल तर मापाचं बंधन वेगळं घालावं लागतं.

खरंच समांतर आहेत का

हा भाग मी कधी गाळत नाही. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत ३० मीटर लांबीच्या एका शेडचं ड्रॉइंग माझ्याकडे होतं. खांबांच्या दोन रांगांच्या रेषा मी काढल्या. दुसरी काढताना ऑफसेट न वापरता हातानेच ओढली, ऑर्थो बंद होतं, आणि शेवटचा बिंदू ‘निअरेस्ट’ (रेषेवरचा सगळ्यात जवळचा बिंदू पकडणाऱ्या) स्नॅपने भलत्या जागी चिकटला. माप मी एकाच टोकाला टाकलं. रेषा निवडून तिची माहिती दाखवणाऱ्या लिस्ट कमांडने कोनही पाहिला, शून्य दाखवला. खरा कोन ०.१ अंश होता. एवढासा कोन ३० मीटरवर ५२ मिलिमीटर होतो. पायाची आखणी करणाऱ्या माणसाने दोरी लावली आणि दुसऱ्या टोकाला विचारायला आला, म्हणून खड्डे खणण्याआधी चूक सापडली. रेषा सुतात नाही, असं तो म्हणाला होता. त्याचे मी आजही आभार मानते.

लिस्टने शून्य का दाखवला ते नंतर कळलं. ऑटोकॅडमध्ये कोन दाखवण्याची अचूकता सुरुवातीला शून्य दशांशांवर असते, म्हणजे ०.१ चा ० होतो. युनिट्स कमांड उघडा आणि कोनाची अचूकता निदान चार दशांशांवर न्या, हवी तर आठवर. हे टेम्प्लेट फाइलमध्येच करून ठेवा. मग लिस्टमधले दोन्ही कोन जुळवून पाहा. त्यांच्यात १८० चा फरक असेल तर घाबरू नका, एक रेषा उलट दिशेने काढली गेली आहे इतकंच. त्यानंतर अंतर दोन्ही टोकांना मोजा: डिस्टन्स कमांड घ्या, एका रेषेच्या टोकावर ‘एंडपॉइंट’, दुसऱ्या रेषेवर ‘परपेंडिक्युलर’. ०.०१ अंशाचा फरकही ३० मीटरवर ५ मिलिमीटर दाखवतो, तो इथे पकडला जातो.

दुसऱ्याकडून आलेल्या ड्रॉइंगमध्ये फरक सापडला तर रेषा नजरेने फिरवून बसवू नका. ती सुटी असेल तर पुसून टाका आणि बरोबर रेषेवरून ऑफसेट करा. तिला दारं, खिडक्या, मापं चिकटलेली असतील तर बरोबर रेषा आधी निवडून समांतरतेचं बंधन घाला, सांधे तपासून उघडे पडलेले फिलेटने जुळवा, मग ‘डेलकन्स्ट्रेंट’ने बंधन काढून टाका. आणि ड्रॉइंग ज्याच्याकडून आलं त्याला त्याच दिवशी कळवा, कारण त्याच्याकडच्या प्रतीत ती रेषा अजून तशीच आहे.